कडी काढा

कडी बाहेरून लागली, एवढंच झालं. सासू, अंबुबाई, रेशनच्या रांगेला निघाली होती, चंपा आतल्या खोलीत तापानं पडली होती, आणि बेळगावजवळच्या शहापूरच्या त्या गल्लीतली कुत्री इतकी माजली होती की उघडं दार दिसलं की थेट चुलीपर्यंत जायची. म्हणून अंबुबाईनं जाता जाता दार ओढून घेतलं, कडी घातली आणि पिशवी काखेत मारून निघून गेली. यात कुणाचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. विणकराच्या घराचं दार एरवी उघडंच असतं. मागाला उजेड लागतो, माणसाला वारा लागतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय विणकराचा हात चालत नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून चंपानं ती कडी वाजलेली कधी ऐकलीच नव्हती. गंज खाऊन ती दाराबाहेर लोंबत असायची आणि चंपा तिच्याकडे न बघता आतबाहेर करायची. आज ती खट्‌दिशी बसली, आणि नेमकं त्याच घटकेला शेजारच्या मालुबाईनं मिश्री भाजायला तवा चुलीवर ठेवला. करपत्या तंबाखूचा वास भिंतीवरून अलगद आत उतरला.

मिश्रीचा वास चंपाला नवा नव्हता. मालुबाई दर बाजाराला तंबाखू भाजायची, आणि त्या वेळी चंपा काही ना काही निमित्त काढून परसात जायची, तुळशीला पाणी घालायची, पाणी घातलं असेल तर पुन्हा घालायची. सासू म्हणायची, तुळस कुजवणार ही पोरगी. आज परसाचं दार आठवलंच नाही. आठवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं, पण ज्याला आठवायचं ते डोकंच जागेवर नव्हतं. अंथरुणावर उठून बसल्याचं तिला कळलं, मग पाय गार पडल्याचं कळलं, आणि मग ती दारापाशी होती आणि तिचे तळहात फळीवर आपटत होते. आपटणारे हात आपले आहेत हे तिला दिसत होतं, पण ते थांबवायचे कसे हे कळत नव्हतं. तोंडातून आवाज येत होता तोही तिचा नव्हता. जाडसर, मोठ्या बाईचा, धुरानं भरलेला. तो तिच्या आईचा आवाज होता. चौदा-पंधरा वर्षं तिनं तो ऐकला नव्हता, आणि आता तो तिच्याच गळ्यातून येत होता. कडी काढा. कडी काढा गं कुणीतरी.

दार उघडलं तेव्हा गल्ली गोळा झाली होती. चंपाचे केस सुटलेले, कपाळ घामानं निथळलेलं, सगळं अंग सुपातल्या दाण्यासारखं हलत होतं, आणि घसा इतका बसला होता की शब्दाचं पहिलं अक्षर आतच अडकून राहत होतं. "...डी काढा," ती म्हणत होती, "...डी काढा." तव्यावरची मिश्री करपत ठेवून मालुबाई धावत आली होती. तिनं हात जोडले आणि मोठ्यानं सांगितलं, "परडी काढा म्हनालीया. आई आलीया अंगात. यल्लम्मा परडी मागालीया."

एका अक्षरानं माणसाचं काय होतं बघा. परडी म्हणजे देवीच्या नावानं हातात घ्यायची टोपली. ती घेतलेली बाई मंगळवारी-शुक्रवारी दारोदार जोगवा मागते, तिचं उरलेलं आयुष्य देवीचं. त्या गल्लीत लहान पोरालाही हे ठाऊक होतं. त्यामुळे थरथरणाऱ्या बाईच्या तोंडून अर्धा शब्द आला की तो परडीच असणार, यात कुणालाच शंका वाटली नाही. कडी कोण मागेल? कडी तर उघडीच होती की आता.

वडगावाहून यमनाप्पाला बोलावणं गेलं. यमनाप्पा म्हणजे देवीचा जोगता, गळ्यात कवड्यांची माळ, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं कपाळ, बोलायला गोड. लबाड म्हणावा तर तसाही नव्हता. त्याचा त्याच्या कामावर विश्वास होता, आणि विश्वास असलेल्या माणसाशी भांडणं फार अवघड जातं. त्यानं चंपाच्या डोळ्यांत बघितलं, नाडी बघितली आणि नेम सांगितला. मंगळवारी बाईला आतल्या खोलीत बसवायचं, ऊद-लोबानाची धुरी घालायची, दाराला बाहेरून कडी लावायची. मग विचारायचं, कोण आलंय. जे नाव तोंडून येईल ते खरं. नाव आल्याशिवाय कडी काढायची नाही, आणि कुणी मधेच काढली तर घरावर कोप. चंपाचा नवरा तम्मण्णा खांबाला टेकून ऐकत होता. तो मुळात कमी बोलणारा माणूस, त्यात आईपुढे आणि देवापुढे आणखी कमी. त्यानं मान हलवली.

तो मंगळवार चंपाला नंतर कधी नीट आठवला नाही, तुकड्यातुकड्यानं आठवायचा. कडी बसल्याचा आवाज. डोळ्यांत शिरणारा धूर. फटीतून येणारा यमनाप्पाचा गोड आवाज, "नाव सांग आई, हेसरू हेळव्वा." आणि छातीत हवा शिरेना तेव्हा तिला कळलं की एक शब्द उच्चारला की दार उघडणार आहे. कुठला शब्द तेही तिला ठाऊक होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ती म्हणाली, "यल्लम्मा." कडी निघाली. बाहेर वारा होता. तिचा जीव भांड्यात पडला आणि सासू तिच्या पाया पडली.

त्यानंतर घरातली तिची जागा बदलली. ते दिवस लढाईचे होते. सूत सरकारी कंट्रोलात गेलं होतं आणि शहापुरातले निम्मे माग गप पडले होते. तम्मण्णा दिवसदिवस सुतासाठी हिंडायचा आणि हात हलवत परत यायचा. अशा घरात मंगळवारी-शुक्रवारी सुनेपुढे नारळ येऊ लागले, सुपातून तांदूळ येऊ लागले, गुळाचा खडा, खणाचा तुकडा. अंबुबाई वाईट बाई नव्हती, पण भरल्या मडक्याकडे बघून माणूस फार खोलात जात नाही. आयाबाया समोर बसायच्या आणि विचारायच्या. गाय गाभण राहील का, लेकीला नांदवतील का. आणि सगळ्यांत जास्त विचारायचं ते पलटणीत गेलेल्या पोरांचं. चंपा अंगाला पदर गुंडाळून बसायची. कधी उदाच्या धुरानं थरथर यायची, कधी यायची नाही. आली नाही तरी बाया वाट बघत बसायच्या, आणि वाट बघणाऱ्या डोळ्यांपुढे माणूस थरथरतोच. पुढे पुढे तिला आपला हात देखील आपला वाटेनासा झाला. चुलीवर भाकरी टाकताना ती त्याच्याकडे बघायची, हा कुणाचा म्हणून. "मीठ कमी झालंय," ती म्हणायची आणि सासू हात जोडून म्हणायची, "व्हय आई." एकदा ती रागावून म्हणाली, "मला न्हाय बसायचं आज." तर त्याचाही अर्थ लागला. आई रुसलीया, नारळ वाढवा. तिचं हो देवीचं झालं होतं आणि तिचं नाहीही देवीचं झालं होतं. चंपा नावाच्या बाईला त्या घरात बोलायला तोंड उरलं नव्हतं.

अनगोळची जयाबाई याच बायांत यायची. तिचा भरमू पलटणीतून दूर कुठंतरी गेला होता, गावाचं नाव तिला घेता यायचं नाही. ती फक्त एकच विचारायची, "माझं पोरगं येईल न्हवं?" चंपानं आधी दोनदा मान खाली घातली. तिसऱ्यांदा जयाबाईनं तिचे पाय धरले, आणि पाय सुटावेत म्हणून, निव्वळ पाय सुटावेत म्हणून, चंपा म्हणाली, "येईल." तार आली ती आषाढात. जयाबाई पुढच्याच शुक्रवारी पुन्हा आली. भांडायला आली असेल म्हणून चंपा आतून ताठ झाली. भांडली असती तर बरं झालं असतं. जयाबाईनं नारळ ठेवला, कपाळ टेकलं आणि कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "आईनं न्हेला. आईची मर्जी."

हे वाक्य चंपानं पूर्वी ऐकलं होतं. याच शब्दांत, याच सुरात, माहेरी, बोरगावच्या वेशीवर. तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि ते वाक्य ऐकून तिला बरं वाटलं होतं, हे तिला आत्ता आठवलं आणि तिच्या अंगाला आग लागल्यासारखं झालं. कारण ते वाक्य बोलून लोकांनी सगळं मिटवलं होतं. आईनं न्हेल्या. म्हणजे कुणी काही केलं नाही, कुणी काही विचारायचं नाही. त्या शुक्रवारी घरी कुणाला न सांगता ती परसात गेली आणि जयाबाईचा नारळ दगडावर फोडून, खोबऱ्याचे तुकडे करून, गल्लीतल्या त्या माजलेल्या कुत्र्यांना घातले. कुत्र्यांनी खाल्ले. काही झालं नाही. आभाळ जिथल्या तिथं होतं.

तिची थरथर मात्र वाढली. आता ती मंगळवार-शुक्रवार बघेना. तम्मण्णा एका सकाळी काही न बोलता तिला बेळगावच्या दवाखान्यात घेऊन गेला. सासूला सांगितलं, बाजारला जातो. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या होत्या, स्वच्छ बोलायच्या, हातही स्वच्छ. त्यांनी चंपाच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, डोळ्यांची पापणी वर केली, आणि विचारलं, "हे पहिल्यांदा कधी झालं?" चंपानं तोंड उघडलं. आजवर तिला कोण आलंय हे विचारलं होतं, काय हवंय हे विचारलं होतं, गाय कधी विणार हे विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. पण उत्तर फार लांबचं होतं, बोरगावातून निपाणीला आणि तिथून इथवर यायचं होतं, त्याला वेळ लागणार होता. तेवढ्यात तम्मण्णा म्हणाला, "चैत्रात." डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, हा हिस्टेरिया, तरुण बायकांना होतो, मूल झालं की जाईल. कडू औषधाची बाटली दिली आणि पुढच्या बाईला हाक मारली. वाटेनं येताना चंपाला हसू फुटलं. तम्मण्णा दचकला. "काय झालं गं?" "काय न्हाय," ती म्हणाली. "आणि एक नाव मिळालं. आता माझ्या अंगात दोघी हाईत." तम्मण्णाही हसला, मग त्याला वाटलं हसायला नको होतं. बाटली तिनं कोपऱ्यात ठेवली. प्रश्न मात्र तिच्याबरोबर घरात आला आणि चुलीपाशी, पाण्यापाशी, अंथरुणावर तिच्या शेजारी बसू लागला. पहिल्यांदा कधी झालं.

एका दुपारी अंबुबाई वडगावला यमनाप्पाकडे गेली होती. पुढच्या पुनवेला परडी द्यायची ठरवायला. दार सताड उघडं होतं. मागावर थोडासा ताणा उरला होता. तम्मण्णा तो रोज वीतभर विणायचा, पुरवून पुरवून, हात गंजू नयेत म्हणून. चंपा शेजारी रहाटावर कांडी भरत होती. आणि कुणी विचारलेलं नसताना ती म्हणाली, "पहिल्यांदा निपाणीला झालतं." तम्मण्णाचा धोटा क्षणभर थबकला. मग त्यानं तो पुन्हा टाकला. आपण थांबलो तर ही थांबेल, एवढं त्याला कळलं, आणि त्या दिवशी त्याला जे कळलं ते मोठमोठ्यांना कळत नाही. "सांग की," तो मागाच्या खड्ड्यात बघत म्हणाला.

मग ती सांगत गेली आणि तो विणत गेला. निपाणीची तंबाखूची वखार. तिची आई, नागुबाई, बोरगावच्या बायांबरोबर तिथं जायची, चाळणीवर बसायची, आणि चंपा पोतं धरायची. वखारीत दिवसा देखील संध्याकाळ असायची, धुळीनं. बाया शिंकायच्या आणि हसायच्या, नाकाला फडकी बांधून गाणी म्हणायच्या. बाया ओटीत तंबाखू लपवून नेतात म्हणून मुकादम, मारुतीराव, बाहेरून कडी घालून वर कुलूप लावायचा, आणि सुटताना एकेकीची झडती घेऊन सोडायचा. त्या दिवशी शेजारच्या गावाला बैलगाड्यांची शर्यत होती. मारुतीराव किल्ली कंबरेला लावून शर्यतीला गेला. आग कशी लागली कुणाला कळलं नाही. तंबाखू पेटत नाही, धुमसते. आधी नुसता वास आला, मालुबाईच्या तव्यासारखा. मग धूर. बाया दाराला भिडल्या. भिंतीत वर एक झरोका होता, पोराचं डोकं जाईल एवढा. आईनं पोती रचली, चंपाला खांद्यावर घेतलं आणि वर ढकललं. तिचे खांदे सोलून निघाले. आई खालनं म्हणाली, "बाहीर जा आणि कडी काढ, चंपे."

रहाट थांबला होता. ती तो फिरवायचं विसरली होती. "मी दारापाशी गेले," ती म्हणाली. "कडी धरली. कुलूप हुतं. मी वडलं, लई वडलं. आतनं आई म्हनत हुती, कडी काढ, कडी काढ. मग सगळ्याच म्हनाय लागल्या. मग न्हाय म्हनाल्या." तिनं तळहात उघडून समोर धरले, जणू कडी अजून त्यांत होती. "मला न्हाय काढता आली."

तम्मण्णा बराच वेळ विणत राहिला. मग म्हणाला, "कुलूप हुतं म्हनालीस."

"हुतं."

"किल्ली कुनाकडं हुती?"

"मारुतीरावाकडं."

"मग," तम्मण्णा म्हणाला.

एवढंच. मग. त्यानं धोटा पुन्हा टाकला. पण तो शब्द चंपाच्या आत कुठंतरी जाऊन पडला आणि तिला हुंदका आला. तो देवीचा नव्हता, हिस्टेरियाचा नव्हता. दहा वर्षांच्या पोरीचा होता आणि इतकी वर्षं उशिरा आला होता. ती पोटभर रडली. डोळे पुसून तिनं बघितलं तर मागावरचा ताणा संपला होता. पुरवून पुरवून विणायचा सगळा ताणा त्यानं एका दुपारात विणून टाकला होता, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. दोघं त्या रिकाम्या मागाकडे बघत राहिली. "आत्याबाई वरडनार आता," चंपा म्हणाली.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. त्या परडीचा दिवस घेऊन आल्या होत्या, आनंदात होत्या. तम्मण्णानं एकदा धीर करून म्हटलं, "आये, तिला परडी नको देऊ." अंबुबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो रिकाम्या मागावर जाऊन बसला. रात्री चंपानं त्याला समजावलं, त्यानं तिला नव्हे. नाही म्हणून उपयोग नाही, ती म्हणाली. माझं नाही कुणाला ऐकू येत नाही. पळून बोरगावला जाऊन उपयोग नाही, तिथं कोण आहे? मी एकाच जागी बोलले तर ते ऐकावं लागेल. त्या खोलीत, धुरात, कडी लावून ते विचारतील तेव्हा. जे नाव येईल ते खरं, हा नेम माझा नव्हे, यमनाप्पाचा आहे. तम्मण्णा अंधारात तिच्याकडे बघत होता. "तुला सोसंल?" त्यानं विचारलं. "न्हाय सोसनार," ती म्हणाली. "म्हनून तर एकदाच बोलून संपवायचं." तिला खरोखरच भीती वाटत होती. ती भीती लपवावी असं मात्र तिला आता वाटत नव्हतं.

पुनवेला दुपारी घर भरलं. ओसरीवर बाया, गल्लीत पुरुष, मध्ये हळदीनं माखलेली नवी परडी. जयाबाई पुढेच बसली होती. चंपा आतल्या खोलीत जाऊन बसली, स्वतःच्या पायांनी. यमनाप्पानं निखाऱ्यावर ऊद टाकला, बाहेर गेला आणि कडी लावली. खट्‌. ती वाट बघत होती तरी तो आवाज तिच्या पाठीच्या कण्यात शिरला. हात सुटले. दात वाजू लागले. धूर आधी पायांशी आला, मग गुडघ्यांशी, मग तो वखारीचा धूर झाला. पोती, फडकी, आईचा खांदा. तिनं आपल्या मनाला सांगून ठेवलं होतं की हा ऊद आहे, हा ऊद आहे. मन ऐकत होतं, छाती ऐकत नव्हती.

"नाव सांग आई," बाहेरून यमनाप्पा म्हणाला. "हेसरू हेळव्वा."

तोंडात तो शब्द तयारच होता. एकदा उच्चारला की वारा. एकदा उच्चारला की परडी, आणि जन्मभर धूर. तिनं भिंतीला हात टेकला, भिंत गार होती, आणि त्या गारव्याला धरून ती म्हणाली, "चंपा."

बाहेर कुजबुज झाली. "आई थट्टा कराय लागलीया," यमनाप्पा म्हणाला, आणि फटीतून आणखी ऊद आत पडला. "नाव सांग."

"चंपा." खोकल्यानं ती वाकली. पुन्हा सरळ झाली. "नागुबाईची चंपा. बोरगावची. देवीला माजा नमस्कार हाय. ती आली तर मी तिच्या पाया पडीन. पर ही ती न्हवं. ही मी हाय." घसा बसत चालला होता. तिला ठाऊक होतं की तो बसणार आणि पहिलं अक्षर पुन्हा आतच राहणार, आणि पुन्हा सगळं तेच होणार. म्हणून तिनं थांबून आवंढा गिळला, थुंकी गोळा केली, आणि लहान पोराला शिकवावं तसं एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "क. डी. का. ढा."

ओसरीवरून जयाबाईचा आवाज आला, "कडी म्हनतीया. परडी न्हवं गं बायांनो. कडी म्हनतीया ती." मालुबाई काहीतरी पुटपुटली. यमनाप्पाचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता. "नाव आल्याशिवाय कडी काढायची न्हाय. घरावर कोप हुईल."

"आलं की नाव," तम्मण्णा म्हणाला, आणि कडी निघाली.

चंपा उंबऱ्यावर आली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, लुगडं उदानं काळवंडलं होतं आणि हात कोपरापासून हलत होते. यमनाप्पानं ते सगळ्यांना दाखवले. "हात बघा. थरथर बघा. आई हाय अजून."

"हात माजेच हाईत," चंपा म्हणाली. "भ्यालेत. दाराला कुलूप लावून मारुतीराव शर्यतीला गेला, आत माजी आई मेली, तवापासनं भ्यालेत." तिनं ते पदराखाली घेतले नाहीत. जिला बघायचे तिनं बघावेत. मग ती जयाबाईपुढे जाऊन बसली, खाली जमिनीवर, तिच्या इतक्याच उंचीवर. हे बोलणं धुरापेक्षा अवघड होतं. "आक्का, भरमू येईल म्हनून मी सांगितलं. मी, आईनं न्हाय. मला काय ठाऊक न्हवतं. आईनं न्हेला न्हाय त्याला. लढाईत मेला तुजा ल्योक." जयाबाईनं हात उगारला. बाया पुढे सरसावल्या. तो हात चंपाच्या गालावर बसला, आणि मग तोच हात तिच्या खांद्यावर पडला, आणि तार आल्यापासून कोरड्या राहिलेल्या त्या बाईनं तोंड उघडून टाहो फोडला. ओसरीवरच्या बाया रडू लागल्या, कुणी पोरासाठी, कुणी आणखी कशासाठी. नवी परडी कुणाच्या तरी पायानं कलंडली.

यमनाप्पा पुढच्या आठवड्यात येईन म्हणाला. अंबुबाई चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली. तिला बहुधा राग आला होता, आणि घरात येणारे तांदूळ आता येणार नाहीत हेही तिच्या लक्षात आलं असणार; तिच्या एकटीच्याच ते लक्षात यावं, याचं चंपाला त्याही वेळी वाईट वाटलं. थरथर थांबली नव्हती. ती थांबणार नाही, निदान लवकर नाही, हे चंपाला दिसत होतं. मालुबाई पुन्हा मिश्री भाजणार, पुन्हा तो वास येणार, आणि तिचे पाय पुन्हा गार पडणार. पडोत. त्या भीतीला निदान आता खरं नाव होतं.

बाया गेल्यावर तम्मण्णानं घण आणि पहार आणली. आधी आतल्या खोलीची कडी, मग पुढच्या दाराची. गंजलेले खिळे करकरत बाहेर आले. पुढच्या दाराची कडी सुटली तेव्हा लाकडात दोन ताजी भोकं राहिली. त्यानं ती कडी चंपाच्या हातात दिली. थरथरत्या हातात ती थोडी वाजली. चंपानं तिच्याकडे बघितलं, उलटसुलट केली. साधं लोखंड होतं, फार जडही नव्हतं.

"आता कुत्री शिरतील घरात," अंबुबाई चुलीपासून पाठ न वळवता म्हणाली.

"शिरूंदेत," चंपा म्हणाली.